चौसष्ट हुकांचं झाड

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०

शिक्षण खात्याचं पत्र आलं. घरी शिकणाऱ्या मुलांची पाहणी करणाऱ्या बाई गुरुवार, १० एप्रिलला सकाळी दहाला येणार. गेल्या वर्षीचा शेरा मला पाठ आहे: वाचन, गणित, सुतारकाम उत्तम, स्वभाव आणि वागणूक यांबद्दल पुरावा अपुरा. अपुरा म्हणे! हॅटी आठ वर्षांची आहे, क्लेम सहाचा. ज्यांना त्यांच्या स्वभावाबद्दल शंका असेल त्यांनी त्यांना बिजागरीला तेल घालताना येऊन पाहावं.

हेदर नर्स आहे, त्यामुळे स्पष्ट बोलते. न्याहारीला म्हणाली, रसेल, या खेपेला परवानगी नाही मिळाली तर ईस्टरची सुट्टी संपली की मुलं गावातल्या शाळेत जातील. बस टेकडीखाली सात पन्नासला थांबते. मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, मग हात दे. दिला.

नंतर वर्कशॉपमध्ये गेलो. बाकाशेजारी खिळ्याला दोन छोटे एप्रन टांगलेले असतात. सात पन्नासनंतर ते दिवसभर तसेच लटकलेले कसे दिसतील, हे पाहायची मला काहीएक हौस नाही.

निश्चय: दहा आठवडे, दहा सद्गुण, प्रत्येकाला एक गोष्ट. गोष्टी मी स्वतः लिहिणार. वाचनालयातल्या फार ढिसाळ असतात. एकीत ससा टेकू न लावता शिडी चढतो. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. त्यानंतर जे काही शिकलो ते पुस्तकं वाचून आणि स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारून. जुन्या खिडक्या जमल्या, खुर्च्या जमल्या. चांगुलपणा त्याहून अवघड नसणार.

सकाळी ११.३०

पद्धत ठरली. गोष्ट एकदाच वाचायची. मग मुलानं ती आपल्या शब्दांत परत सांगायची आणि मोठ्या माणसानं ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची. अक्षरही बदलायचं नाही, हा या पद्धतीचा प्राण आहे. वहीचं नाव 'सांगणवही'. पृष्ठांना १ ते २०० क्रमांक घातले, शाईनं. म्हणजे कुणी पुढेमागे फाडाफाडी केली तर लगेच कळेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. दुपारी ४.००

'चांगुलपणाचं झाड' पूर्ण. नऊ मिलिमीटर प्लायवुड, जमिनीपासून थेट छतापर्यंत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर. चौसष्ट पितळी हुक, प्रत्येकाखाली क्रमांक. प्रत्येक चांगल्या कामाला एक कागदी पान. हुक क्रमांक ६४ ला पोचायला शिडी लागते. मुद्दाम तसं केलंय, ध्येय उंच असावं.

हेदरनं विचारलं, चार दिवसांत मुलं काय शिकली? म्हटलं, संयम. झाड तयार होताना पाहत होती. ती म्हणाली, ती तर चारही दिवस खाली मर्व्ह बँटिककडे होती, घोड्याला सफरचंदं भरवत.

याबाबत मुलांशी बोलावं लागेल. बँटिक आमचा सगळ्यात जवळचा शेजारी. वय ऐंशीच्या आसपास. माणूस वाईट नाही. बाकी काही लिहीत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी १०.४०

पहिला धडा: प्रामाणिकपणा. गोष्ट: 'वॉम्बॅट आणि उसनं फावडं'. बिळात राहणारा वॉम्बॅट शेजाऱ्याचं फावडं आणतो, नवं बीळ खणतो, फावडं धुऊनपुसून परत देतो. साधी, घट्ट बांधलेली गोष्ट.

क्लेम म्हणाला, वॉम्बॅटला पंजे असतात, त्याला फावडं कशाला? मुद्दा बिनतोड होता. मुलगा माझ्यावर गेलाय. वॉम्बॅटचा काटेरी एकिडना केला. त्यालाही पंजे. सरतेशेवटी कोंबडी केली. कोंबडीनं फावडं कसं धरलं यावर वीस मिनिटं गेली.

मग हॅटीनं परत सांगितलेली गोष्ट (सांगणवही, पृष्ठ १): एका कोंबडीनं फावडं उसनं आणलं आणि परत दिलं कारण ती चांगली होती. बाबानं बँटिकआजोबांचं रसाचं यंत्र दोन वर्षं झाली परत दिलं नाही, पण बाबा कोंबडी नाही. संपलं.

माझा पेन थांबला. क्लेम म्हणाला, बाबा, लिही ना, अक्षरही बदलायचं नाही. लिहिलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दुपारी २.१५

यंत्राबद्दल एकदा नीट नोंद करून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको.

सफरचंदाचा रस काढायचं जुनं लाकडी यंत्र. उभ्या पट्ट्यांचं पिंप, वर लोखंडी स्क्रू. बँटिकच्या सासऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी हंगामात मी ते आणलं. पिंपाला मधोमध गवताचे भारे बांधायची नारिंगी दोरी गुंडाळलेली होती, मळकट, गाठीवर गाठ. चांगल्या यंत्रावर असलं काही मला खपत नाही. सर्वप्रथम ती कापून फेकली, मग स्क्रू घासला, मग रस काढायला बसलो. तिसऱ्या घाण्याला एक पट्टी मधोमध फाटली.

आता तुटकं यंत्र परत करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. नवी पट्टी ब्लॅकवुडचीच हवी. ब्लॅकवुड वाळायला इंचाला एक वर्ष लागतं. माझी फळी दोन इंची होती. हिशेब सरळ आहे. घाई केली असती तर तो निष्काळजीपणा झाला असता.

तोपर्यंत त्यांच्या फाटकासमोरून जायला बरं वाटत नाही, म्हणून गावात जाताना मी मागच्या खडीच्या रस्त्यानं जातो. अकरा किलोमीटर जास्त पडतात, पण देखावा छान आहे.

बँटिकनं या दोन वर्षांत एकदाही यंत्र मागितलं नाही. खरं सांगायचं तर हे मला जरा खटकतं. मागितलं असतं तर मला खुलासा करता आला असता.

बुधवार, १९ फेब्रुवारी. सकाळी ९.५०

धडा दुसरा: मदत. झाडाची योजना विलक्षण यशस्वी! क्लेमनं एका सकाळीत नऊ पानं मिळवली.

सकाळी १०.३०

चौकशी केली. क्लेमनं हॅटीला पाच वेळा ढकललं आणि पाचही वेळा हात देऊन उठवलं. उरलेली चार पानं म्हणजे बर्था कोंबडीची बादलीतून सुटका. बादलीत ती कशी गेली, यावर तो म्हणाला, मी ठेवली, नाहीतर सोडवणार कशी?

गुरुवार, २० फेब्रुवारी. सकाळी ८.००

झाडाचे नियम टाईप करून लावले. एकूण सात. महत्त्वाचा पाचवा: स्वतःचं पान स्वतः टांगायचं नाही. दुसऱ्यानं बघून टांगायचं, आणि कशाबद्दल ते सांगायचं नाही. सांगितलं तर पान बाद. म्हणजे बढाईला जागाच नाही. हा नियम वाचून मी स्वतः थोडा वेळ उभा राहिलो. चांगला जमलाय.

सोमवार, २४ फेब्रुवारी. दुपारी १.००

तिसरा धडा: संयम. गोष्ट: 'लाकूड वाळेपर्यंत थांबलेला सुतार'. ही मला स्वतःला फार आवडली. अठरा पृष्ठं. क्लेम सातव्याला झोपला. हॅटी शेवटपर्यंत जागी होती, एवढंच म्हणाली, ज्याची खुर्ची बनायची होती तो माणूस तोपर्यंत कुठे बसत होता?

त्या माणसाचा गोष्टीत मी विचार केला नव्हता. तो मुख्य पात्र नाही.

संध्याकाळी ५.२०

क्लेमनं गोंदाच्या हातानं झाडाला हात लावला. मी आवाज थोडा चढवला. ओरडलो नाही. हेदर अंगणातून आत आली आणि म्हणाली, नदीपलीकडच्या लोकांनाही आज संयमाचा धडा मिळाला.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी १२.३०

हेदर दवाखान्यातून आली. मग चहा ओतताना बोलली. मर्व्ह बँटिक गुडघा दाखवायला आला होता. तिनं सहज विचारलं, यंदा सफरचंदं कशी आहेत? तो म्हणाला, लगडलीत, पण करायची काय, छोटी पॅडेमेलन कांगारूच खातात खाली पडलेली. पूर्वी ईस्टरला त्याच्या मेहुणीची नातवंडं होबार्टहून यायची, रस काढायला. दोन वर्षं आली नाहीत. रसच नाही तर मुलांनी म्हाताऱ्याकडे येऊन करायचं काय?

मग म्हणाली, रसेल, नेऊन दे ना रे ते. तुटलं तर तुटलं म्हण. जीभ झडणार आहे का तुझी?

मी तिला लाकडातल्या ओलाव्याचं प्रमाण समजावून सांगितलं. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. कपडे सकाळीच वाळत घातले होते.

निश्चय: पाहणीआधी नवी पट्टी, उत्तम प्रतीची. यंत्र परत, सोबत दोन ओळींचं पत्र. दिलगिरी असेल, पण लोचटपणा नसेल.

सोमवार, १० मार्च. सकाळी ११.१५

आज सार्वजनिक सुट्टी. चांगुलपणाला सुट्टी नसते, म्हणून मुलांना घेऊन गावात गेलो, 'अनोळखी माणसांशी सौजन्य' प्रत्यक्ष दाखवायला. किराणा दुकानात शिरतो तर समोर बँटिक.

मी शुभेच्छापत्रांच्या फिरत्या स्टँडमागे थांबलो. लपलो नाही, पत्रं पाहत होतो. क्लेम सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, बाबा, आपण कुणापासून लपलोय? स्टँड फिरला. बँटिक समोर. मी हाताला लागलेलं पत्र छातीशी धरलं. ते त्याकडे बघून म्हणाले, अरेरे, रसेल, कोण गेलं? पत्र दुखवट्याचं होतं.

मी म्हटलं, कुणी नाही, आपलं घरात एक असावं.

त्यांनी मान डोलावली. मुलांच्या हातावर पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बरा आहेस ना तू? मी म्हटलं, एकदम. ते थोडे थांबले, आणखी काही बोलणार होते असं वाटलं. मग काठी टेकत गेले.

गाडीत मुलांना सांगितलं की आज आपण 'दुसऱ्याच्या वेळेची कदर' शिकलो. हॅटी खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, बँटिकआजोबांना वाटतं की तू त्यांच्यावर रागावलायस.

काहीतरीच. लहान मुलांना काय कळतं?

घरी मागच्याच रस्त्यानं आलो. आज देखावा काही विशेष वाटला नाही.

बुधवार, १९ मार्च. सकाळी ९.००

पट्टी तयार! गुण्यानं तपासली, काटकोन अचूक. खाचेत बसवून पाहिली. अर्ध्या मिलिमीटरनं जाड.

सकाळी ९.४०

रंधा मारला. आता पाव मिलिमीटरनं पातळ. हलते.

सकाळी ९.४५

क्लेम म्हणाला, फटीत कागद सारून बसव ना, बाबा. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी कागद सारण्याची भाषा! कुठे शिकला? म्हणाला, बँटिकआजोबा फाटकाला तेच करतात. मी ती पट्टी त्याच्यासमोरच चुलीत घातली. दर्जा म्हणजे काय ते मुलांना दिसलं पाहिजे. हॅटी म्हणाली, चुलीला दिसलं.

शुक्रवार, २८ मार्च. दुपारी ३.००

दुसरी पट्टी: गाठ निघाली. तिसरी: पटाशी घसरली. वाळलेलं ब्लॅकवुड संपलं. नवीन दोन इंची फळी मागवून वाळत ठेवली आहे. आणखी दोन वर्षं.

अपयश म्हणता येणार नाही. फक्त वेळापत्रक लांबलं.

झाडावरची स्थिती: क्लेम शून्य (जुनी नऊ रद्द). हॅटी चार, सगळी क्लेमनं टांगलेली. क्लेम चार हवीत म्हणून रडला, तेव्हा हॅटीनं त्याला तीन टांगून दिली. हे नियमात बसतं का, यावर विचार चालू आहे, म्हणून ती अजून धरलेली नाहीत. माझ्या नावाचं अजून एकही नाही. अर्थात झाड मुलांसाठी आहे. तरी चौसष्ट हुक आहेत.

बुधवार, २ एप्रिल. सकाळी ११.००

तालीम. मी गॅफनीबाई झालो (पाहणीच्या बाईंचं नाव). हेदरचा चष्मा लावला. विचारलं, बाळ, दया म्हणजे काय? क्लेमनं ठरलेलं उत्तर बरोबर दिलं: दया म्हणजे दुसऱ्याची गरज ओळखून, न सांगता, वेळेवर केलेली कृती. उत्तर माझंच आहे. मग विचारू लागला, वेळेवर म्हणजे किती वर्षांत?

तालीम तिथेच थांबवली.

पाहणीच्या दिवसाचं वेळापत्रक टाईप केलं. १०.०० स्वागत. १०.१५ फाईल, रंगीत खुणांसहित. १०.४५ सांगणवहीतली निवडक पृष्ठं (१, १४, २२ व ३१ सोडून). ११.०० दया, प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात मुलं बर्थाला कोमट पाण्यात भिजवलेला कोंडा देतील. कोंबडी आधी उपाशी ठेवू नये असं हॅटीचं म्हणणं. मान्य केलं.

शनिवार, ५ एप्रिल. दुपारी ४.३०

मुलं जेवणानंतर सारखी शेडमध्ये. कुजबुज. मी गेलो की एकदम गप्प. भाऱ्यांच्या नारिंगी दोरीची गुंडाळी अर्धी झाली आहे. विचारलं तर हॅटी म्हणाली, नियम पाच.

नियम पाचचा असा वापर मला अपेक्षित नव्हता.

बुधवार, ९ एप्रिल. सकाळी ६.३०

उद्या. शेडमध्ये गेलो नाही, वेळ नव्हता. यंत्रावरची ताडपत्री आहे तशी आहे ना, एवढं दारातून पाहिलं. घर झाडलं. झाडावरचे हुक चमकवले. एप्रन धुतले आणि जागेवर टांगले. ओले होते, टपटपत होते. हेदर तिथून जाताना थांबली. एप्रनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खांद्यावर हात ठेवून गेली.

गुरुवार, १० एप्रिल. सायंकाळी ५.००

क्रमानं लिहितो. काही सुटायला नको.

१०.००. गॅफनीबाई आल्या. पन्नाशीच्या, पायात चिखलाचे गमबूट. चार स्कोन खाल्ले. फाईल उघडलीच नाही. खुणांचे रंग छान आहेत म्हणाल्या आणि बाजूला ठेवली. दहा आठवडे!

१०.२०. सांगणवही मागितली. मी निवडक पृष्ठं काढून देत होतो, त्यांनी वहीच घेतली. म्हणाल्या, अरे वा, पृष्ठांना क्रमांक आहेत, शाईनं. मग पृष्ठ १ वर बराच वेळ थांबल्या. खोकला आला त्यांना. हसण्यासारखा खोकला होता.

१०.४०. क्लेमला विचारलं, हे रसाचं यंत्र कुठे आहे? मी म्हटलं, ते अभ्यासक्रमाचा भाग नाही. क्लेम म्हणाला, या, दाखवतो. आणि त्यांचा हात धरून घेऊनच गेला.

१०.५०. शेड. ताडपत्री काढली. यंत्र फळीवरून सरकवत माझ्या ढकलगाडीवर चढवून ठेवलेलं. फाटलेल्या पट्टीवर नारिंगी दोरीचे वेढे, बारा तरी असतील, एकावर एक, आणि वर एक गाठ. गाठ नव्हतीच ती, गुंता होता. माझा हात खिशातल्या चाकूकडे गेला. हॅटी माझ्याकडे बघत होती. हात खिशातच राहिला.

ती बाईंना म्हणाली, आज अकरा वाजता वेळापत्रकात 'दया, प्रात्यक्षिक' आहे. आम्ही हेच करणार होतो. कोंबडीला आम्ही सकाळीच दिलं.

गॅफनीबाईंनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, मग चला, वेळापत्रक पाळलं पाहिजे, नाही का, मिस्टर थॉर्प?

११.०५. उतार. पुढे मुलं, मागून बाई गाडी आवरून धरताहेत, चिखल उडतोय. मी बाजूनं चालत होतो, स्क्रूचा दांडा हातात घेऊन. कुणीतरी दांडा घ्यायला हवाच होता. चालता चालता दोन वर्षांत तयार केलेलं निवेदन मनात म्हणत होतो. त्याचे तीन भाग आहेत.

११.२०. बँटिक फाटकाशी. मी घसा खाकरला. म्हटलं, मर्व्ह, या यंत्राच्या बाबतीत काही तांत्रिक कारणांमुळे विलंब झाला. ब्लॅकवुड वाळण्याची प्रक्रिया पाहता...

ते यंत्राकडे बघत होते. चेहरा उजळला. म्हणाले, अरे, दोरी नवी बांधलीत! बरं केलंत. जुनी पार कुजली होती. मीच बदलायची म्हणत होतो.

मी म्हटलं, पण पट्टी तुटली आहे.

ते म्हणाले, हो तर! ती माझ्या सासऱ्यांनी मोडली, विसेक वर्षं झाली. तेव्हापासून दोरीवरच चालतंय. तुला सांगितलं नव्हतं का? नसेल. दोरी दिसतेच की, मग कोण सांगत बसतंय?

निवेदनाचे उरलेले अडीच भाग म्हणायची वेळ आली नाही.

मग त्यांनी काठी फाटकाला टेकवली. हळू आवाजात म्हणाले, यंत्राचं काय एवढं, मला वाटलं तुला अजून लागत असेल, मागायला बरं वाटेना. पण तू दोन वर्षं त्या खडीच्या रस्त्यानं गाडी नेतोस, धूळ दिसते रे मला इथून. सारखा विचार करायचो, आपण या माणसाला काय बोललो असू?

मी स्क्रूचा दांडा गाडीवर ठेवला. म्हणालो, तुम्ही काही बोलला नव्हता. मीच दोरी कापली. माफ करा.

एवढंच. तीन वाक्यं. पत्राच्या दोन ओळींपेक्षा एक जास्त.

बँटिक म्हणाले, एवढंच ना? मग ये आत. आणि तू का कापलीस ती दोरी, पट्टी धरून होती की? म्हटलं, मळकी होती. ते इतके हसले की त्यांना फाटक धरावं लागलं.

११.४०. रस काढला. गॅफनीबाईंनी स्क्रू फिरवला, मुलांनी सफरचंदं ओतली. मला पिंपाखाली भांडं धरायचं काम मिळालं. दोरीनं पट्टी घट्ट धरली, थेंब गळला नाही. लाकडात मला बरंच कळतं, पण दोरी हा विषय माझ्याकडून राहून गेला होता.

जाताना बाईंनी स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं, निकाल कधी? त्या म्हणाल्या, टपालानं. आणि रसाची बाटली घेऊन गेल्या.

घरी पुढच्या रस्त्यानं आलो. सरळ रस्ता, चार मिनिटं. देखावा बराच चांगला आहे.

बुधवार, १६ एप्रिल. दुपारी १२.१०

बँटिक आले होते. शिडी मागून नेली. मेहुणीची नातवंडं शनिवारी येताहेत, वरची सफरचंदं काढायची आहेत. मी शिडीबरोबर वापराच्या सूचना लिहून देणार होतो. हेदर नुसती माझ्याकडे बघत राहिली. दिल्या नाहीत.

गुरुवार, २४ एप्रिल. सकाळी ८.२०

पत्र आलं. परवानगी मिळाली, पूर्ण एक वर्ष! हेदरनं पुन्हा हात पुढे केला. या वेळी बराच वेळ सोडला नाही.

शेरा इथे उतरवून ठेवतो, अक्षरही न बदलता: 'मुलांचा चांगुलपणा लक्षणीय. तो त्यांच्यात कुठून आला, हे सादर केलेल्या कागदपत्रांवरून स्पष्ट होत नाही.'

हा शेरा मी अनुकूल समजतो.

सकाळी ९.००

आत्ता झाडाकडे लक्ष गेलं. सगळ्यात वर, हुक क्रमांक ६४ ला, एक पान. त्यावर हॅटीच्या अक्षरात: बाबा. शिडी इथे होती तेव्हाच टांगलेलं असणार, म्हणजे किमान आठ दिवस वर आहे. मला दिसलं नव्हतं. मी खालच्या हुकांकडे पाहत होतो.

हॅटीला विचारलं, कशाबद्दल? ती म्हणाली, नियम पाच.

बरोबर आहे. विचारायला नको होतं. तरी मनाशी अंदाज केला. माफी मागितली त्याबद्दल असेल. किंवा एकूण दहा आठवड्यांच्या परिश्रमांबद्दल. किंवा 'लाकूड वाळेपर्यंत थांबलेला सुतार' तिला आता पटली असेल, काही गोष्टी सावकाश मुरतात. एप्रन घालताना हे सगळं मोठ्यानं बोललो असेन, कारण क्लेम म्हणाला, नाही काही. तू चाकू काढला नाहीस म्हणून. आमची गाठ कापली नाहीस ना, म्हणून.

हॅटी ओरडली, क्लेम! आता बाद झालं ना!

खरं आहे. नियम मीच टाईप केलाय. सांगितलं की पान बाद, त्यात सवलत नाही. म्हणजे दहा आठवडे, चौसष्ट हुक, आणि माझं एक पान, तेही न केलेल्या कामाचं, तेही आता उतरवायला हवं.

पण हुक क्रमांक ६४ ला शिडीशिवाय हात पोचत नाही. शिडी बँटिककडे आहे.

परत मागायला बरं वाटत नाही.